मी फोटो काढायला शिकलो

पन्नाशी ओलांडल्यावर माणसाने नवे काही शिकू नये असा काही कायदा नाही. पण शिकायला निघाले की घरचे आणि दारचे अशा नजरेने पाहतात की, कायदा असता तर निदान सुटका तरी झाली असती असे वाटते. मी वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी फोटो काढायला शिकलो. तेही लग्नाबारशाचे नव्हेत; पाखरांचे, फुलांचे आणि पानावरच्या किडींचे. आमच्या घरातून पहिला शेरा आला तो असा : "जन्मभर लोकांना किडी मारायला सांगितलंत, आता त्यांचे फोटो काढून भिंतीवर लावणार की काय?" प्रश्न थट्टेचा होता, पण नेमका वर्मी बसला. तो का बसला, तेच आज तुम्हांला सांगायचे आहे.

मी कृषी खात्यातला माणूस. १९९१ साली कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयातून बी.एस्सी. झालो. त्या काळी कीटकशास्त्राच्या विषयाला आम्हांला एक पेटी करून द्यावी लागे. जाळी घेऊन शेताशेतांतून हिंडायचे, किडे पकडायचे, औषधाच्या बाटलीत घालून मारायचे, टाचणीला टोचून पेटीत ओळीने लावायचे आणि खाली बारीक अक्षरात नाव लिहायचे. माझी पेटी वर्गात चांगली ठरली होती. पुढे नोकरीत मला वाटत राहिले की किडी आपल्याला येतात. येत होत्याही, पण पेटीतल्या. टाचणीवर सुकलेला ढालकिडा वेगळा आणि पानाच्या बेचक्यात आपल्या पोटामागे लागलेला त्याचा जिवंत वंश वेगळा, हे कळायला एका शेतकऱ्याचे पीक जावे लागले.

गोष्ट जानेवारी २०१८ ची. मी तेव्हा सोलापूर जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू भागात होतो. तिकडे ज्वारीच्या कडेने करडई लावायची जुनी चाल. करडईला काटे, त्यामुळे गुरे आत शिरत नाहीत आणि घरच्या तेलाची सोय होते. आमच्या या गृहस्थांनी मात्र दोन एकर सलग करडई केली होती. नाव सांगत नाही, आपण त्यांना दादा म्हणू. त्या वर्षी आभाळ आले आणि करडईवर मावा पडला. तुम्ही पाहिलाच असेल तो : शेंड्याकडे काळा थर, पानांवर चिकटा, हात लावला तर बोटे काळी.

तोवर गावोगाव मोबाइल पोचले होते आणि व्हॉट्सॲपवर पिकाचा फोटो पाठवून सल्ला विचारायची रीत पडली होती. आम्हांलाही ती सोयीची. एकेका माणसाकडे इतकी गावे असतात की प्रत्येक बांधावर जाणे होत नाही. दादांनी फोटो पाठवला तेव्हा मी तालुक्याच्या बैठकीला निघालेल्या एस.टी.त खिडकीशी बसलो होतो. उन्हाची तिरीप पडद्यावर येत होती. फोटोत हिरव्यावर काहीतरी काळे, लांबट, हललेले. पाठोपाठ त्यांचा फोन. म्हणाले, "साहेब, मावा हायच, पण त्याच्यात ह्या काळ्या अळ्या पण झाल्यात. घरची म्हणती, ह्या अळ्याच मावा खात्यात, फवारू नगा. काय करू?"

मी हसलो. आज लिहिताना ते हसणे मला ऐकू येते. म्हणालो, "वहिनींना सांगा, अळी काय मावा खाते होय? पीक खाते. उशीर करू नका, फवारा." औषधाचे नाव सांगितले, प्रमाण सांगितले आणि फोन ठेवला. एस.टी. पुढल्या थांब्यावर पोचायच्या आत माझ्या दृष्टीने तो विषय संपला होता.

पंधरा दिवसांनी त्या वाटेने गेलो तर करडई पुन्हा काळी. पहिल्यापेक्षा जास्त. दादांनी तोवर दुसरी फवारणी केली होती आणि तिसरीच्या तयारीत होते. मी झाडाखाली वाकलो. मातीवर वाळून पडलेल्या अळ्या होत्या. काळपट, अंगावर नारिंगी ठिपके, पुढे सहा पाय, मगरीच्या पिल्लासारख्या आकाराच्या. ढालकिड्याच्या अळ्या! मावा हेच त्यांचे अन्न. एकेक अळी दिवसाकाठी डझनांनी मावा फस्त करते. वहिनींनी जे डोळ्यांनी पाहिले होते ते बरोबर होते आणि मी जे फोटोत पाहिले ते चूक. आमच्या औषधाने मावा मेला तसे त्याला खाणारेही मेले. मग ढगाळ हवेत उरलासुरला मावा मोकळ्या रानात वाढावा तसा वाढला. मावा आठवड्या-दहा दिवसांत पिढी उभी करतो. ढालकिड्याला अंड्यापासून भुंगा व्हायला तीनएक आठवडे लागतात. ही शर्यत कोण जिंकणार हे शाळेतले पोर सांगेल.

येथवर चूक होती. चुका होतात. पण पुढचे चूक नव्हे, त्याला दुसरे नाव आहे. दादा म्हणाले, "साहेब, दुकानदारानं औषध बनावट दिलं बगा. नायतर असं हुतंय व्हय?" आणि मी गप्प राहिलो. त्यांनी भर बाजारात त्या दुकानदाराशी भांडण केले. वर्षानुवर्षे ज्याच्याकडे उधारीचे खाते चालत होते ते बंद झाले. पुढच्या खरिपाला दादांना बियाणे-खते रोखीने आणावी लागली आणि रोख कोठून येते ते मी तुम्हांला सांगायला नको. करडईने त्या वर्षी निम्म्यालाही हात दिला नाही. मी हे सर्व पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, सांगू कधीतरी.

असो. आता फोटोंकडे येतो.

माझा भाचा पुण्यात असतो. त्याला पाखरांचे फोटो काढायचा नाद. २०२० च्या जानेवारीत तो म्हणाला, "मामा, भिगवणला दोन दिवसांचं शिबिर आहे. आठच माणसं घेतात. चल माझ्याबरोबर, जुना कॅमेरा देतो." मी आधी नको म्हटले. मग मनात आले, निदान पानावरच्या किडीचा स्वच्छ फोटो कसा काढायचा तेवढे तरी कळेल, म्हणजे लोकांना शिकवता येईल. शिबिराची फी ऐकून घरात थोडा वेळ शांतता पसरली. ती कशी मिटली ते सांगत बसत नाही.

भिगवण पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला सुमारे १०० किलोमीटरवर. भीमेवर उजनीचे धरण झाले, ते १९८० साली पुरे झाले, आणि त्याच्या फुगवट्याचे पाणी मागे पसरत इथवर आले. कडेकडेला पाणी उथळ आणि चिखल सुपीक. म्हणून हिवाळ्यात पाखरे उतरतात. रोहित येतात, ज्यांना कोणी अग्निपंख म्हणतात. हिमालय ओलांडून पट्टकदंब हंस येतात. चक्रवाक, शेकाट्या, चित्रबलाक, नाना तऱ्हेची बदके. कुंभारगावच्या काठावर पहाटे गेलात तर कालव्याला पाणी सुटावे तसा आवाज पाण्यावरून येत असतो. तो पाखरांचा.

आमचे शिकवणारे साठीच्या घरातले, कमी बोलणारे गृहस्थ. आम्ही आठजण : दोन कॉलेजची मुले, एक अभियांत्रिकी शिकणारी मुलगी, एक दंतवैद्य पतिपत्नी, एक शाळामास्तर, माझा भाचा आणि मी. सगळे मला काका म्हणू लागले. पहाटे साडेपाचला थंडीत कुडकुडत होडीपाशी उभे राहिलो, प्रत्येकाच्या गळ्यात कॅमेरा, आणि गुरुजी म्हणाले, "पहिला तास कॅमेरे पिशवीत."

कोणाला हे आवडले नाही. पैसे भरून आलो, उजाडते आहे, समोर रोहितांचा थवा, आणि कॅमेरे पिशवीत! पण ते म्हणाले, "एक पक्षी निवडा. एकच. तो काय करतो ते मला तासाने सांगा." मी एक रोहित निवडला. सुरुवातीला वाटले, उभा आहे, आणखी काय सांगणार? मग दिसू लागले. चोच उलटी करून पाण्यात घालतो, म्हणजे वरची बाजू खाली. जीभ भात्यासारखी मागेपुढे करून पाणी गाळतो आणि बारीक जीव, शेवाळ तेवढे ठेवतो. एका जागी पाय नाचवत गोल फिरतो, चिखल ढवळतो, मग तोच ढवळलेला घास गाळतो. आपण वाफे तुडवतो तसे. थव्यात काही पक्षी राखी-मळकट होते. ती म्हणे अजून रंगात न आलेली पिल्ले. गुलाबी रंग जन्माचा नव्हे, खाण्यातून येतो. एक तास गेला तरी मला उठावेसे वाटेना. नोकरीत इतक्या वर्षांत मी कोणत्या एका झाडाकडे तासभर पाहिले होते? आठवून पाहिले. आठवले नाही.

होडीवाला तिथलाच, पंचेचाळिशीचा. मासे धरायचा आणि हिवाळ्यात पाखरे दाखवायचा. फोटोची खरी शिकवण मला निम्मी त्याच्याकडून मिळाली असे म्हटले तर गुरुजी रागावणार नाहीत. तो इंजिन लांबच बंद करी आणि बांबूने होडी ढकले. सूर्य आपल्या पाठीशी येईल अशा बेताने वळसा घेई. म्हणे, "पाखरू वाऱ्याच्या तोंडावर उडतंय. वारं तिकडनं हाय, म्हंजी उठलं की तिकडंच जाणार. हिथं थांबा." आणि तसेच होई. मधल्या एका ठिकाणी पाण्यात बांबू टेकवून तो थांबला आणि सहज बोलल्यासारखे म्हणाला, "हिथं खाली आमची हीर हाय. बापाची. आंब्याची झाडं हुती म्हणत्यात चार." त्याने ती पाहिलेली नव्हती, तो पाळण्यात असताना ते शिवार बुडाले. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते, तसे त्याचे शिवार कधी पडत नाही. होडीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. समोर चित्रबलाक उभा होता, उजेड सुरेख होता, पण त्या जागी कोणी फोटोही काढला नाही.

आता माझे फोटो. पहिल्या सकाळी मी तीनशेच्या वर काढले. जेवणानंतर (पिठले, भाकरी आणि धरणातली चिलापी; जेवणाला नाव ठेवायला जागा नव्हती) गुरुजींनी घराच्या भिंतीला पांढरी चादर बांधली आणि प्रत्येकाला म्हणाले, "पाच निवडा. पाचच." माझ्या तीनशेंतून पाच निघेनात. उडणारे पाखरू म्हणजे पांढरी रेघ. बगळे काळवंडलेले. एका फोटोत रोहिताच्या अंगात मागच्या खांबाचे टोक घुसलेले. मला वाटले हसतील. हसले नाहीत. गुरुजींनी एकेकाचे कारण सांगितले. कॅमेऱ्याची झडप सेकंदाच्या साठाव्या भागाइतकी उघडी राहिली तर उडणारा पक्षी पुसला जातो. हजाराव्या भागावर आणली तर पिसे मोजून घ्या. कॅमेरा बिचारा साऱ्या जगाला राखी रंगाचे समजून उजेड मोजतो. म्हणून पांढरा बगळा चौकटभर आला की तो उजेड कमी करतो आणि बगळा मळतो, काळा कोतवाल आला की उलट. तिथे माणसाने आपली अक्कल वापरून उजेड कमीजास्त करायचा. पाखराच्या उंचीला आपली नजर आणायची, त्यासाठी चिखलात पालथे पडायला लागले तर पडायचे. आणि काही झाले तरी डोळा स्पष्ट हवा. "डोळा पुसट असला तर बाकी सारं टाकून द्या," हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटले की मुलांनी त्याचे गाणे केले.

आठच माणसे का घेतात ते मला त्या चादरीसमोर कळले. प्रत्येकाची चूक सर्वांनी पाहिली, पण कोणाला लाज वाटली नाही; कारण पुढची चूक शेजारच्याची होती. ऐंशी माणसांच्या मांडवात मीही अनेकदा भाषण केले आहे. मागच्या रांगेतला माणूस शेंगा फोडत असतो आणि पुढच्या रांगेतला सरपंचाकडे बघत असतो.

एका बाबतीत मात्र गुरुजी कडक होते. दुपारी शेजारच्या एका होडीतले लोक टाळ्या वाजवून थवा उठवीत होते, कारण उडताना पंखांची लाली दिसते. आमच्यातल्या एका मुलाने तीच संधी साधून फोटो काढला. छान आला होता. गुरुजींनी तो चादरीवर दाखवू दिला नाही. म्हणाले, "इतक्या लांबून आलेल्या जिवाला तू चरता चरता उठवलंस." "मी नाही उठवलं, त्यांनी उठवलं," मुलगा म्हणाला. "पण हिस्सा घेतलास," गुरुजी म्हणाले. घरट्यावरच्या पक्ष्याचा फोटो तर काढायचाच नाही. आपण जवळ गेलो की आई उठते, अंडी उन्हात पडतात, कावळ्याला पत्ता लागतो. तो "हिस्सा घेतलास" हा शब्द मला रात्री झोपेपर्यंत पुरला.

दुसऱ्या दिवशी पाण्यावर न जाता काठच्या शेतांतून हिंडलो. गहू, हरभरा, ऊस, आणि एका बांधाच्या कडेला थोडी करडई. ती अभियांत्रिकीची मुलगी करडईपाशी पालथी पडली. दव होते, कपडे भिजले, काटे लागत होते, पण ती हलेना. दहा मिनिटांनी मला हाक मारली, "काका, हे काय आहे?"

कॅमेऱ्याच्या पडद्यावर ढालकिड्याची अळी होती. पाठीवरचे नारिंगी ठिपके मोजता येत होते. अंगावरचे बारीक काटे दिसत होते. आणि जबड्यात मावा होता, अर्धा आत, पाय बाहेर.

मी तिथेच बांधावर बसलो. मग सगळे जमले तेव्हा, का कोण जाणे, मी त्यांना सगळे सांगून टाकले. एस.टी.तली खिडकी, वहिनींचा निरोप, माझे हसणे, दुकानदार. दोन दिवसांच्या ओळखीची माणसे. त्यांना सांगणे सोपे गेले असावे. त्या मुलीने सरळ विचारले, "काका, मग तुम्ही त्यांना सांगितलंत?"

"नाही."

तिने पुढे काही म्हटले नाही. घरी पोचल्यावर तिने तो फोटो मोठा करून छापून टपालाने पाठवला. मागे काही लिहिले नव्हते.

तो फोटो पिशवीत घालून मी मार्चच्या पहिल्या आठवड्यात दादांकडे गेलो. ज्वारीची काढणी चालू होती. नवराबायको दोघेही रानात. मी फोटो दादांच्या हातात दिला आणि काय घडले होते ते पहिल्यापासून सांगितले. औषध चांगले होते, माझा सल्ला वाईट होता, दुकानदाराचा दोष नव्हता आणि हे मला दोन वर्षांपूर्वीच कळले होते. शेवटचे वाक्य सर्वांत जड गेले.

दादा बराच वेळ फोटोकडे पाहत राहिले. मग तो वहिनींकडे दिला. वहिनींनी विळा खाली ठेवला, पदराला हात पुसले, फोटो उन्हात धरला. म्हणाल्या, "हीच ती. मी सांगत हुते का न्हाई?" हे मला नव्हते, दादांना होते. दादा मला म्हणाले, "साहेब, चूक हुतीया. पण त्या माणसाला मी भर बाजारात चोर म्हणलो. ते आता कसं परत घ्यायचं?" मी म्हटले, मी येतो बरोबर. ते म्हणाले, "न्हाई. माझं त्वांड हुतं, मीच जातो." ते गेले की नाही हे मी विचारले नाही. पुढल्या हंगामात त्यांच्या गोठ्यात त्याच दुकानाच्या छापाच्या पिशव्या दिसल्या. मला त्या दिवशी चहा मिळाला, एवढे खरे. पण नेहमी होतात तशा गप्पा झाल्या नाहीत आणि ते रास्तच होते.

त्याच महिन्यात टाळेबंदी लागली. शेतीची कामे थांबली नाहीत, पण आमचे मेळावे, सभा सारे बंद. फोटोवरूनच सल्ला द्यायची वेळ आली, आणि येणारे फोटो होते तसेच : पुसट, लांबून काढलेले. तेव्हा मी ठरवले की भिगवणचीच रीत इथे चालवायची. पावसाळ्यात परवानगी मिळाल्यावर दर गुरुवारी सकाळी सहा ते आठ माणसे, उघड्यावर, एका शेतात. पहिले शेत दादांचे. ही काही माझी अक्कल नव्हे. शेतकऱ्यांनी रानातच जमून आपल्या डोळ्यांनी पीक पाहावे आणि मग ठरवावे, ही शेतीशाळेची कल्पना १९८९ साली इंडोनेशियात भातशेतीत सुरू झाली. औषधांच्या बेसुमार फवाऱ्यांनी तिथे तुडतुड्यांना खाणारे कोळी आणि किडे मारले गेले आणि तुडतुडेच माजले, त्यावर काढलेला तो उपाय. आपल्याकडेही शेतीशाळा भरतात. मी त्यात फक्त मोबाइल घातला आणि माणसे कमी केली.

पहिला नियम तोच : अर्धा तास मोबाइल खिशात. एकेकाने एक झाड निवडायचे आणि त्यावर कोण कोण राहतो ते पाहायचे. दादांचे चुलते म्हणाले, "जन्म गेला रानात, आता झाडाकडं बघाय शिकायचं व्हय?" अर्ध्या तासाने त्यांनीच कपाशीच्या पानाखाली केसासारख्या देठावर उभी असलेली पांढरी अंडी दाखवली आणि विचारले, ही काय भानगड? ती क्रायसोपाची. तीही आपल्या बाजूची. त्यांना ती ऐंशी पावसाळ्यांत पहिल्यांदा दिसली होती.

मग फोटो. तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून सांगतो. मोबाइलचे भिंग आधी स्वच्छ सुती कापडाने पुसा. निम्मे पुसट फोटो तंबाखूच्या बोटांमुळे येतात. सकाळी नऊच्या आत काढा, दवात किडी गारठलेल्या असतात, पळत नाहीत, आणि वाराही कमी असतो. पडद्यावर दोन बोटे ताणून चित्र मोठे करू नका; हातच जवळ न्या आणि किडा पुसट झाला की तितकेच मागे या. पडद्यावर किड्यावर बोट टेकवा, मग तो स्पष्ट होतो. कडक ऊन असेल तर शेजाऱ्याला सावली धरायला उभे करा. किड्याशेजारी आपले बोट किंवा रुपयाचे नाणे ठेवा, नाहीतर दाण्याएवढा किडा आम्हांला शेंगेएवढा वाटतो. पान उलटून खालची बाजू दाखवा. आणि एकच फोटो पाठवून थांबू नका. एक रानाचा, एक अख्ख्या झाडाचा, एक किड्याचा. सोबत पीक किती दिवसांचे ते लिहा.

याचा रोकडा उपयोग आम्हांला मक्यात झाला. अमेरिकन लष्करी अळी २०१८ साली आपल्या देशात प्रथम कर्नाटकात आढळली आणि बघता बघता आपल्याकडे पसरली. ती ओळखायची खूण बारीक आहे : डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी फिकट रेघ, आणि शेपटीकडच्या शेवटून दुसऱ्या वळ्यावर चौकोनात चार काळे ठिपके. लांबून काढलेल्या फोटोत ही अळी इतर अळ्यांसारखीच दिसते. आमच्या गुरुवारच्या मंडळींनी पाठवलेल्या फोटोंत ते चार ठिपके दिसू लागले आणि मी एस.टी.त असलो तरी उत्तर देऊ लागलो. तरीही एक पथ्य पाळतो. डोके किंवा पाय दिसत नसतील तर सल्ला देत नाही, दुसरा फोटो मागतो. आणि घरातले आणखी कोणी काही म्हणत असेल, तर ते काय म्हणतात हे आधी विचारतो.

वहिनी सुरुवातीला गटात नव्हत्या. चहा आणून देत आणि बांधावर उभ्या राहून ऐकत. एकदा पोरीचा मोबाइल घेऊन आल्या आणि कोणी काही म्हणायच्या आत रांगेत बसल्या. पुढच्या गुरुवारी आणखी दोघी आल्या. त्यांचे फोटो बाप्यांपेक्षा चांगले येत. खुरपणाऱ्या बाईची नजर पिकाच्या उंचीलाच असते, तिला चिखलात पालथे पडावे लागत नाही.

माझी बदली होऊन आता तीन वर्षे झाली. गुरुवार त्या गावात अधूनमधून चालतो, असे कळते. हंगाम असला की चालतो, लगीनसराई असली की बंद पडतो. गेल्या रब्बीत एका सकाळी मी नव्या तालुक्यात चहा घेत होतो तेव्हा मोबाइल वाजला. वहिनींचा फोटो. करडईचे पान, शेजारी मातीने भेगाळलेले बोट, आणि पानावर ढालकिड्याची अळी, तोंडात मावा. ठिपके मोजून घ्यावेत असा. डोळा शोधून पाहिला; तोही स्पष्ट होता.

मी चष्मा नीट केला आणि घाईघाईने लिहायला घेतले, "वहिनी, ही मित्रकीड आहे, फवारू नका..." तेवढ्यात खाली त्यांचाच निरोप उमटला :

"साहेब, इचारत न्हाई. दावतीया."